ठिपकेवालीची बुरशी

संस्थेत त्यांना सगळे चिमटाबाई म्हणायचे, अर्थात पाठीमागे, आणि आपल्याला पाठीमागे काय म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इतरांच्या कोटाच्या खिशाला पेन असतं, तिथं यांच्या लांब टोकाचा चिमटा. कॅन्टीनमध्ये बिस्किटसुद्धा त्या चिमट्यानंच उचलतात, अशी आवई कुणीतरी उठवली होती. छे! बिस्किटाला लावलेला चिमटा पुन्हा निर्जंतुक करायचा म्हणजे अर्धा तास गेला. असली उधळपट्टी करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

वय सत्तावन्न, नोकरीला एकतीस वर्षं, काम बुरशी सांभाळायचं. यावर लोक हटकून हसतात. बुरशी काय सांभाळायची? ती तर न बोलावता येते, पावावर, बुटांवर, बाथरूमच्या छतावर. चिमटाबाई यावर काही बोलायच्या नाहीत. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा ऐकला होता की समोरच्यानं तोंड उघडलं की त्यांना कळायचं, आता बूट येणार की छत.

पण त्यांची बुरशी वेगळी. त्याचं असं की ठिपकेवाली नावाची एक आमरी आहे, म्हणजे जमिनीत उगवणारी ऑर्किड. नाव संस्थेतल्यांनीच पाडलेलं, फुलाच्या घशात जांभळे ठिपके असतात म्हणून. झाडाच्या अंगाखांद्यावर मिरवणाऱ्या ऑर्किडचा थाट हिच्यात नाही. वर्षातले चार-पाच महिने जमिनीवर एक पान, मनात आलंच तर एक दांडा, त्यावर दोन फुलं, की पुन्हा सगळं सुकून जातं आणि कंद मातीखाली झोपतो. बी म्हणाल तर नुसती धूळ. एका शेंगेत हजारो बिया, आणि एकीच्याही पोटात अन्नाचा कण नाही. डबा न देता शाळेत पाठवलेली पोरं! वाटेत ओळखीची बुरशी भेटली, ती बीच्या आत शिरली आणि तिनं भरवलं, तर बी फुगते, कोंब धरते. नाही भेटली तर संपलं. आणि कुठलीही बुरशी चालत नाही, गोम ती इथं आहे. ठिपकेवालीला तिची ती एकच लागते.

ठिपकेवालीची रोपं उरली होती तीन. तीन म्हणजे मोजून तीन, शहराच्या कडेला जुन्या पंपिंग स्टेशनच्या मागच्या उतारावर, जाळीच्या कुंपणात. त्या कुंपणाची किल्ली पंपवाल्याकडे असायची. शेवटचं फूल चार वर्षांपूर्वी आलं. त्याची एक शेंग धरली, तिच्यातली बी करंगळीएवढ्या बाटलीत भरून संस्थेच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. त्यानंतर तिघींपैकी एकीलाही फुलायची बुद्धी झालेली नव्हती. तेव्हा जे काही व्हायचं ते त्या बाटलीतून.

बुरशी प्लेटमध्ये वाढते, ओट्सचं अगदी पातळ पाणी अगार घालून गोठवलेलं असतं त्यावर. महिन्याभरात त्यातलं अन्न संपतं, मग बुरशीचा वाटाण्याएवढा तुकडा कापून नव्या प्लेटमध्ये ठेवायचा. बाकीचे याला सबकल्चर म्हणायचे, चिमटाबाई म्हणायच्या घर बदलणं. अकरा वर्षं दर महिन्याला त्यांनी त्या बुरशीचं घर बदललं होतं. दिव्याच्या ज्योतीत सुरी लाल करायची, गार होऊ द्यायची, झाकण बोटभर उघडायचं, तुकडा उचलायचा, ठेवायचा, झाकण बंद. या सगळ्यात श्वास रोखलेला. अकरा वर्षांत त्यांच्या प्लेटमध्ये दुसरी बुरशी घुसलेली नव्हती. शेजारच्या विभागातली माणसं त्यांच्या प्लेटा बघायला यायची आणि हात जोडून परत जायची.

घरी थोरली बहीण होती. चिमटाबाईंनी लग्न केलं नाही. ते का, याची हकीकत वेगळी आहे आणि फारशी रंगतदारही नाही. थोरलीचा नवरा लवकर गेला, मुलगी शिकून नोकरीला लागली, तेव्हापासून या दोघी बहिणी एकोणीस वर्षं एका घरात राहिल्या. थोरली पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून पँटी आखूड करायची, चेन बदलायची आणि तोंडात टाचण्या धरूनसुद्धा बोलायची. धाकटी मुलखाची अबोल. थोरली दोघींच्या वाटचं बोलायची आणि वर म्हणायची, "जरा गप्प बस, मला बोलू दे."

तर ती थोरली गेली. हॉस्पिटलात नऊ दिवस होती, दहाव्या दिवशी नव्हती. चिमटाबाईंनी चार दिवस रजा काढली आणि पाचव्या दिवशी कोट घालून कामावर हजर झाल्या. रडल्या नाहीत. सोसून नेलं, दाखवलं नाही, असलं काही लोक बोलले, पण त्यात काही अर्थ नव्हता. रडू आलंच नाही. दातांचा डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो ना, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. त्या आठवड्यात त्यांनी थोरलीचे कपडे, मशीन, दोऱ्यांची रिळं, बटणांचे डबे, सगळं एका दुपारी देऊन टाकलं. संस्थेत येऊन फ्रिज साफ केला. दोन्ही कामं झकास झाली.

त्यालाही चौदा महिने होऊन गेले. गाल काही जागा झाला नाही. भाची, म्हणजे थोरलीची मुलगी, दर रविवारी यायची. पोरगी आईवर गेलेली, तोंडाची फटकळ आणि मनानं मऊ. एका रविवारी चहा पिता पिता तिनं कप खाली ठेवला.

"मावशी, एक विचारू? राग मानू नकोस."

"विचार."

"आई गेल्यावर तू रडलीस का गं?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

"नाही आलं."

भाचीनं खिडकीकडे बघितलं. "मला कधीकधी तुझा फार राग येतो."

"येऊ दे," चिमटाबाई म्हणाल्या. "मला तोही येत नाही."

भाचीनं दोघींचे कप धुतले आणि पुढच्या रविवारी परत आली. तिचं तेवढं कौतुक करावं लागेल.

इकडे संस्थेत ठिपकेवालीचं काही खरं दिसत नव्हतं. बाटलीतली चिमूटभर बी काढायची, धुऊन फिल्टर पेपरच्या तुकड्यावर पसरायची, तो प्लेटमध्ये ठेवून शेजारी बुरशीचा तुकडा ठेवायचा, आणि वाट बघायची. चार-पाच आठवड्यांत बी फुगायला हवी. दोनदा पेरली, फुगली नाही. तिसऱ्यांदा पेरली, दहा आठवडे झाले तरी जशी होती तशी. बाटलीत आता एका पेरणीपुरतीच उरली होती, तीही काटकसर केली तर.

विभागाच्या प्रमुख मॅडम चिमटाबाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार, कायम घाईत. त्यांनी तिसऱ्या खेपेच्या प्लेटा दिव्यासमोर धरून पाहिल्या आणि टेबलावर ठेवून दिल्या.

"बी मेली असणार, बाई. चार वर्षं झाली. चार महिन्यांनी आढावा आहे, त्यात ठिपकेवाली बंद करू या. रॅक शेजारच्या विभागातल्या गवतवाल्यांना हवाच आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"काही नाही," चिमटाबाई म्हणाल्या. ते शब्दशः खरं होतं.

मॅडमनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं आणि खांद्यावर हात ठेवून त्या मीटिंगला गेल्या.

एखादी जात बंद करायची तर शेवटी बी तपासायची, असा संस्थेचा रिवाज. कुणी तो पाळत नाही, चिमटाबाई पाळायच्या. बी एका औषधात भिजवून ठेवायची. आत जीव असेल तर लाल होते, नसेल तर पांढरी राहते. त्यांनी पन्नास बिया मोजून भिजवल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मोजलं. अडतीस लाल. त्यांनी पुन्हा मोजलं. अडतीसच.

बी ठणठणीत होती.

मग त्यांनी तिसऱ्या खेपेची एक प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली. हे खरं तर त्यांनी आधीच करायला हवं होतं, आणि वर्ष-दीड वर्षापूर्वी केलंही असतं. बुरशीचे धागे पेपरभर पसरले होते, पांढरेशुभ्र, दाट, कापसासारखे. बीपर्यंत येत होते आणि बाजूनं निघून जात होते. एकही धागा आत शिरलेला नव्हता. अबोला धरलेल्या शेजाऱ्यांनी जिन्यात एकमेकांना चुकवावं तसं चाललं होतं सगळं.

कपाटाच्या दाराला आतून एक जुना फोटो चिकटवलेला होता. निवृत्त झालेल्या एका शास्त्रज्ञांनी ही बुरशी पहिल्यांदा वेगळी काढली, त्या पहिल्या प्लेटचा. चिमटाबाई तो रोज दहा वेळा बघायच्या, म्हणजे बघायच्या नाहीतच. आज बघितला. फोटोतली बुरशी कळकट होती. पिवळट, विरळ, एका बाजूला वाढलेली, दुसऱ्या बाजूला रुसलेली. खाली तारखा लिहिलेल्या होत्या. प्लेट निम्मी भरायला तिला बावीस दिवस लागले होते. त्यांची बुरशी सहा दिवसांत अख्खी प्लेट भरायची.

त्या स्टुलावर बसल्या. बसल्या बसल्या त्यांच्या सगळं लक्षात आलं, अगदी हळू, पण आलं.

दर महिन्याला चार प्लेटा असायच्या. त्या चारांतून एक पुढं न्यायची. कुठली न्यायची? चिमटाबाई डोळे झाकून सांगू शकल्या असत्या: सगळ्यात भरलेली, सगळ्यात पांढरी, आणि तिच्यातही कडेचा तुकडा, जिथं वाढ सगळ्यात जोरात. रोडक्या, रेंगाळणाऱ्या, तुटक प्लेटा पिशवीत घालून ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेवर मारून टाकायला. अकरा वर्षं असं केलं, एकशे तीस-बत्तीस वेळा. प्रत्येक वेळी त्यांनी अशी बुरशी निवडली जिला आयत्या ओट्सवर फोफावायला आवडतं. आणि आयत्या ओट्सवर जिचं उत्तम चाललंय तिला बीच्या दारात जायची गरजच काय? त्यांनीच, आपल्या हातानं, निगुतीनं, एकदाही चूक न करता, तिला ठिपकेवाली विसरायला लावली होती.

यावर उपाय जुन्यांनी करून ठेवलेला होता. पहिल्या प्लेटमधली बुरशी सात काचनळ्यांत भरून थंडीत ठेवलेली होती, आणि नियम असा की वर्षातून एकदा त्या नळीतून नव्यानं सुरुवात करायची. चिमटाबाईंनी पहिली दोन-तीन वर्षं नळीतून वाढवून पाहिलं. पण नळीतून जी यायची ती अशी कळाहीन, अशी मंद, की ती रॅकवर मांडायची त्यांना लाज वाटायची. कुणी बघायला आलं तर काय म्हणेल? मग त्या आपलीच पुढं चालवत राहिल्या.

आणि त्या सात नळ्या? आकसलेल्या, तपकिरी पडलेल्या, लेबलं पुसट झालेल्या. थोरली गेली त्या आठवड्यात फ्रिज साफ करताना त्यांनी त्या टाकून दिल्या होत्या. हे त्यांना आठवलं, पण टाकताना काय वाटलं ते आठवेना. बहुधा काहीच वाटलं नसणार.

एरवी असं काही हातून घडलं असतं तर चिमटाबाई शरमेनं मेल्याहून मेल्या असत्या. थोरलीला सांगताना तीनदा अडखळल्या असत्या, आणि थोरलीनं टाचण्या काढून ठेवून त्यांना आधी झापलं असतं आणि मग चहा पाजला असता. त्या दिवशी यातलं काही नव्हतं. सुन्नपणाचा तेवढा एक फायदा म्हणायचा. त्या उठल्या, हात धुतले आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या.

"बी जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पन्नासातल्या अडतीस लाल झाल्या."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "मग उगवत का नाही?"

"बुरशी बिघडली आहे. मी बिघडवली."

आणि त्यांनी सांगितलं. कडेचा तुकडा, भरलेली प्लेट, रोडक्या प्लेटा, नळ्या, फ्रिज. भाजी आणायला गेले होते, मिळाली नाही, अशा आवाजात सांगितलं. मॅडम ऐकता ऐकता उभ्या राहिल्या होत्या, त्या पुन्हा बसल्या.

"सातही?"

"सातही."

"अहो, बाई!" मॅडमनी कपाळाला हात लावला. "तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मी तर बी जुनी होती असंच लिहिणार होते. तुम्ही तीन वर्षांत निवृत्त होणार. कुणी नावसुद्धा काढलं नसतं."

"हो."

"मग?"

चिमटाबाईंनी विचार केला. उत्तर शोधावं लागावं असा प्रश्न त्यांना वाटला नाही. "बी जिवंत आहे," त्या पुन्हा म्हणाल्या.

आता मार्ग एकच होता, आणि तो दोघींनाही माहीत होता. ती बुरशी जगात आणखी एकाच जागी होती: त्या तीन रोपांच्या अंगात. पान जमिनीतून जिथं वर येतं तिथं मातीखाली बोटाच्या पेराएवढी मान असते, बुरशी राहते ती त्या मानेत. ती मान कापून आणायची. मान कापली की पान गेलं. खालचा कंद तसाच मातीत राहतो, पण वर्षभराचं अन्न पानच बनवणार असतं. ते अर्ध्यातच गेलं तर पुढच्या वर्षी कंद उगवेल, किंवा नाही उगवणार.

पंपवाला साठीचा गृहस्थ. पाणीपुरवठ्याची नोकरी, पण नऊ वर्षं त्या तीन पानांवर त्याचा असा पहारा की त्यानं कुंपणाजवळ मांजरसुद्धा बसू दिलं नव्हतं. त्यानं तिघींना नावंही दिली होती: वरची, मधली, कोपऱ्यातली. कल्पकता म्हणून काही नाही. पण रोज सकाळी येऊन तो त्यांच्याकडे बघायचा, आणि फोनवर मॅडमना कळवायचा, तिघी ठीक आहेत.

मॅडमनी कशासाठी आलोत ते सांगितल्यावर त्यानं किल्ली काढलीच नाही.

"तीनच आहेत. त्यातली एक कापायची?"

"पूर्ण नाही. कंद राहील," मॅडम म्हणाल्या.

"राहील म्हणजे जगेल?"

"बहुतेक."

"हे बहुतेक कुणाचं, तुमचं की तिचं?" पंपवाला म्हणाला. मग तो चिमटाबाईंकडे वळला. "आणि पहिली बुरशी होती ना तुमच्याकडे? तिचं काय झालं?"

मॅडम काहीतरी मोघम बोलणार होत्या. चिमटाबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. "माझ्या हातून गेली," त्या म्हणाल्या.

पंपवाल्यानं त्यांच्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणाला ते महिनाभर पुरलं असतं. मग त्यानं कुलूप उघडलं.

कुठली घ्यायची यावर फार चर्चा झाली नाही. मधलीचं पान सगळ्यात रुंद होतं. पान रुंद म्हणजे कंद दमदार, सोसायची ताकद हिच्यातच जास्त, असं मॅडमचं म्हणणं आणि ते बरोबरच होतं. चिमटाबाई गुडघ्यांवर बसल्या. चमच्यानं माती बाजूला केली, पान चिमट्यात धरलं, मान उघडी झाली तेव्हा ज्योतीवर धरून आणलेली सुरी लावली. हात अजिबात कापला नाही. कटकन आवाज आला, वाटाण्याची शेंग मोडावी इतकाच. त्यांनी माती परत लोटली, तळव्यानं दाबली आणि पान डबीत ठेवलं. पंपवाला तोवर पंपाच्या खोलीत निघून गेला होता.

त्या दिवशी दुपारभर त्या मायक्रोस्कोपखाली त्या मानेचे पातळ काप करत होत्या. पेशींच्या आत बुरशीच्या गुंडाळ्या दिसतात, लोकरीच्या गुंड्यांसारख्या. त्या सुईनं एकेक सोडवायच्या, शुद्ध पाण्यात सात वेळा धुवायच्या आणि प्लेटवर ठेवायच्या. साठ गुंडाळ्या ठेवल्या. त्यातल्या चाळीस मेल्याच होत्या, काहींत जिवाणू निघाले. नऊंतून धागे आले: पिवळट, विरळ, एका बाजूला वाढणारे, दुसऱ्या बाजूला रुसलेले. चिमटाबाईंनी त्या नऊच्या नऊ ठेवल्या. दहा नळ्या भरल्या, पाच आपल्या फ्रिजमध्ये, पाच दुसऱ्या इमारतीतल्या फ्रिजमध्ये, आणि दोन्ही ठिकाणच्या साफसफाईच्या यादीतून स्वतःचं नाव काढायला लावलं.

मग शेवटची चिमूट पेरली.

पाचव्या आठवड्यात मॅडमच आधी ओरडल्या. बी फुगली होती, एक नाही, दोन नाही, पेपरभर. चिमटाबाईंनी डोळा लावला. धागे थेट बीच्या टोकातून आत शिरले होते आणि आत गुंडाळ्या दिसत होत्या. दहाव्या आठवड्यात हिरवी टोकं आली. मॅडमनी त्यांना चक्क मिठी मारली, गवतवालेसुद्धा येऊन पाहून गेले. चिमटाबाई म्हणाल्या, "बरं झालं." त्यांना आनंद झाला का? नाही झाला. व्हायला हवा होता हे त्यांना कळत होतं, आणि त्या हसल्याही, पण ते सगळं काचेपलीकडे चाललं होतं. घरी जाऊन त्यांनी सूप गरम केलं, अर्धं प्यायल्या, भांडं घासलं, झोपल्या.

आढाव्यात ठिपकेवाली बंद झाली नाही. वर्षभरात प्लेटांतून बाटल्यांत, बाटल्यांतून कुंड्यांत अशी एकशे साठ रोपं झाली. आढाव्यात मॅडमनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं, कारण चिमटाबाईंनी तशी अटच घातली होती. कुणी ठपका ठेवला नाही. एकानं त्यांना अनुभव लिहून काढायला सांगितलं, म्हणजे इतर संस्थांत असं होणार नाही. त्यांनी दोन पानं लिहून दिली.

पुढच्या मोसमात पानं यायची वेळ झाली. पंपवाल्याचा मॅडमना फोन आला, वरची आली. पाच दिवसांनी, कोपऱ्यातली आली. मग आठवडा गेला. मग दोन आठवडे. चिमटाबाई कुणाला न सांगता बसनं तिकडं गेल्या. पंपवाल्यानं कुलूप उघडलं. मधलीच्या जागी माती होती. त्या आठ दिवसांनी परत गेल्या, आणखी आठ दिवसांनी परत. तिसऱ्या खेपेला पंपवाला कुंपणाच्या आत आला आणि त्यांच्या शेजारी उकिडवा बसला.

"मी कालच चमच्यानं जरा उकरून बघितलं," तो म्हणाला. "आत काही नाही. नुसतं साल आहे."

चिमटाबाईंनी मान हलवली.

"तुम्ही कापलं ते बरोबर कापलं," पंपवाला म्हणाला. "मी बघत होतो खिडकीतून. नीट कापलंत." आणि तो उठून गेला, कारण पंपाची वेळ झाली होती.

त्या तिथंच बसून राहिल्या. आधी त्यांना वाटलं, ऊन लागलंय. छातीत काहीतरी जड येऊन बसलं होतं आणि खाली जात नव्हतं. त्या पाणी प्यायल्या. जात नव्हतंच. मातीवर त्यांनी तळवा ठेवला, कापलं त्या दिवशी दाबला होता तसा. त्यांनी दुसऱ्या हातानं पिशवीतून फोन काढला आणि भाचीला लावला.

"मावशी? कामाच्या दिवशी फोन? काय झालं?"

"मधली आली नाही."

"कोण मधली?"

त्यांनी सांगितलं. नीट जमलं नाही, मागचं पुढं झालं, पण सांगितलं. मीच कापली. माझ्यामुळं कापावी लागली. कंद होता, तोही गेला.

"अगं, पण तुझी ती रोपं झालीत ना शंभरावर? तूच म्हणालीस."

"एकशे साठ झालीत."

"मग?"

"मग काही नाही. मला वाईट वाटतंय."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग भाचीनं विचारलं, अगदी जपून विचारलं, "पानाचं?"

"आत्ता पानाचं," चिमटाबाई म्हणाल्या. "बाकीचं मागून येतंय. मला भीती वाटतेय गं. तू येशील का?"